लांब सायलेन्सर

न्यूझीलंडमधल्या बंदुकांच्या दुकानातून अभिराजने साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि दोन सायलेन्सर कॅमेऱ्यासमोर धरले.

"रायफलचा आवाज दाबायला पहिल्यांदाच घेतोय. छोटा घेऊ की लांब?"

आईने प्रश्न पाटीवर लिहून अप्पांना दाखवला. तीस वर्षं पोलिसांना नेमबाजी शिकवताना त्यांचे कान पार गेले होते.

"लांब घे. त्यानं आवाज जास्त दबतो," अप्पा म्हणाले.

"पण जड आहे. शिकारीला डोंगर चढावा लागतो."

आईने तेही लिहिलं. ते वाचून अप्पांनी आईकडे पाहिलं.

"तुझी आई बोलते तेव्हा मी नुसते ओठ बघतो. तिचा आवाज कसा होता, ते आता आठवतच नाही रे."

आईने पाटी बाजूला ठेवून त्यांचा हात धरला.

अभिराजने लांब सायलेन्सर बिल करायला दुकानदाराकडे दिला.