मातीत रचलेली भिंत

"अगं, जरा रड तरी," आई म्हणाली.

मी ढिगाऱ्यावर बसून थापीने विटांची माती खरवडत होते. रस्ता रुंद करायचा म्हणून सकाळी आमचं घर पाडलं होतं. आई जेसीबीपुढे फतकल मारून बसली, तेव्हा दोन महिला पोलिसांनी तिला उचलून बाजूला नेलं. मी नुसती बघत राहिले. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घर मातीतच बांधलेलं, त्यामुळे विटा अखंड निघत होत्या.

"शंभरेक तरी धड निघतील," मी म्हणाले. आईने माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं.

तिला कसं सांगणार? बांधकामाच्या कोर्सला दोन वर्षं आम्ही हेच करतोय. सकाळी भिंत रचायची, दुपारी मोडायची. सिमेंट नाही, चिखल वापरायचा, म्हणजे त्याच विटा उद्या पुन्हा घेता येतात. पहिल्या आठवड्यात फार जिवाला लागायचं. मग हाताला सवय झाली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी कॉलेजला गेले आणि कंबरेएवढी भिंत रचली. घोलप सरांनी ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते बघितलं. केसभरही फरक नव्हता.

"वा, दहापैकी दहा!" ते म्हणाले. "चला, पाडा आता."

सगळे ढकलायला पुढे आले.

मी भिंतीपुढे फतकल मारून बसले.