सेर्वाची सूनपारख

सेर्वाने वाडग्यातल्या पाण्यात हात धुतले, पण उखळात कुटलेल्या कंदाच्या, फुफूच्या गोळ्याला बोट लावलं नाही. ती जेवायला आलीच नव्हती. मुलगी नापसंत करायला आली होती.

बारिमा तिचा एकुलता एक मुलगा. ट्रक चालवायचा. चाळिशीला टेकला, तरी त्यांच्या माम्पोंग गावातल्या एकाही मुलीकडे त्याने मान वर करून पाहिलं नव्हतं. आणि परवा फोनवर म्हणाला, "कुमासीला ये. ट्रकतळाशेजारी खाणावळ आहे, तिथलीच आहे ती. दुपारी मीही पोचतो."

सेर्वा मुद्दाम त्याच्या आधी येऊन बसली होती. शहरातली, त्यातून खाणावळीतली, ट्रकवाल्यांशी दात काढून बोलणारी! नकार कुठल्या शब्दांत द्यायचा, एवढंच ठरायचं होतं.

खाणावळीत तरुण मुलगी एकच होती. सगळे तिला दुफी म्हणत होते.

"आई, रस्सा गार होतोय," दुफी जवळ येऊन म्हणाली. "आमच्यावर राग असला तर असू दे. त्या बिचाऱ्या बोकडाने काय केलंय?"

सेर्वाने हसू दाबलं. फुफूचा तुकडा तोडून शेंगदाण्याच्या रश्शात बुडवला आणि गिळला. मग दुसरा. आल्याची झणक, मागून हळूच चढत जाणारी मिरची... वाडगं रिकामं कधी झालं, तिचं तिलाच कळलं नाही.

मग ती नुसती बघत बसली. पलीकडच्या बाकावरच्या एका प्यायलेल्या ट्रकवाल्याने दुफीचा हात धरला. दुफीने आवाजसुद्धा चढवला नाही. "सोडा दादा, हात तिखटाचा आहे. नंतर डोळे चोळाल, आणि घरी बायकोला वाटेल, तिच्या आठवणीने रडलात."

सगळी खाणावळ हसली. तोही हसला आणि त्याने हात सोडला. दाराशी एक म्हातारा हमाल घुटमळत होता. दुफीने त्याला काही न विचारता बाकावर बसवलं आणि पुढ्यात वाडगं ठेवलं.

चुलीपाशी बसलेली मालकीण उठली आणि आणखी एक डाव रस्सा घेऊन सेर्वाकडे आली. पोकुआ तिचं नाव. पन्नाशीची, भरल्या अंगाची, कपाळावर घाम.

"एवढा चांगला रस्सा मला जन्मात जमला नाही," सेर्वाने कबूल केलं. "ही पोरगी करते?"

"रस्सा माझा, जीभ तिची," पोकुआ हसली. "लेक आहे माझी."

"एकटीने वाढवलीत?"

"नवरा लवकर गेला. उखळ होतं, हात होते. झालं."

सेर्वाचंही तसंच झालेलं. ती बाकावर सरकली, पोकुआ शेजारी टेकली, आणि दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत राहिल्या. इतकं मोकळं सेर्वा कित्येक वर्षांत कुणाशी बोलली नव्हती.

"खरं सांगू?" शेवटी ती म्हणाली. "मी मोडता घालायला आले होते. माझ्या मुलाने तुमच्या इथलीच पसंत केलीय."

पोकुआची नजर खाली गेली. "आणि आता?"

"आता मीच मागणी घालते. अशा घरातली सून मिळायला नशीब लागतं."

"लोक बोलतील."

"बोलू देत! लोक येतात का मला रस्सा वाढायला?"

"तरी मुलाशी आधी बोलून घ्या."

"त्याच्याशी काय बोलायचं? त्याची पसंती ती माझी पसंती. या सगळ्यांदेखत शब्द देते."

पोकुआने कमरेच्या कापडाने डोळे टिपले, धुराच्या नावाने काहीतरी पुटपुटली आणि घाईघाईने चुलीकडे गेली.

लेकीची आई, रडू यायचंच, असं म्हणत सेर्वाने दुफीला हाक मारून जवळ बसवलं. तिच्या गालावरून हात फिरवला. "काय गं, येशील ना माझ्या घरी?"

दुफीने चुलीकडे पाहिलं. आई पाठ फिरवून उभी होती. मग तिने सेर्वाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"येईन की, माझ्या नवऱ्याला घेऊन येईन," ती हळूच म्हणाली. "पण आजी, बारिमा लग्न करतोय ते माझ्या आईशी."