टीव्हीतला मेव्हणा

पडद्यावरच्या बाईनं परक्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तात्या खाकरले.

खाकरले म्हणजे काय, खाटेवरून उठलेच. टोपी डोक्यावर चढवली, कोपऱ्यातली भरलेली पिशवी ओढली आणि उंबऱ्यापाशी दाराकडं तोंड करून बसले. स्टोव्हपाशी रत्नाबाई भाकरी थापत होती, तिची मान आणखी खाली गेली. तात्यांचा मुलगा भगवंत सेकंड शिफ्टला गेलेला. खोलीत सासरा, सून आणि ती टीव्हीतली बया. आता कुणी कुणाकडं बघायचं?

तात्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि भगवंताच्या कानावरही घातलं होतं. सकाळच्या एस्टीनं गावी जायचं, पुतण्याच्या ओसरीवर पडायचं. आई गेल्यावर पोरानं हौसेनं इकडं बोईसरला आणलं, कुंभवलीच्या चाळीत खाट दिली, सगळं खरं. पण आपल्यापायी लेकाची बायको स्वतःच्याच घरात मान वर करत नाही, हे कुठवर बघायचं? म्हाताऱ्या माणसानं वेळेवर उठावं, त्यातच शहाणपण.

आधी असं नव्हतं हो. सासऱ्याशी सुनेनं तोंडावर बोलायचं नाही आणि सासऱ्यानंही सुनेला थेट हाक मारायची नाही, ही घरची रीत. भगवंताची आई गोजराबाई होती तोवर निरोप तिच्या हाती जायचे. ती गेली आणि ते काम एका मेव्हण्यानं उचललं. टीव्हीतला मेव्हणा! दर आठवड्याला ती हसायची मालिका लागायची. एक साधंसुधं घर, आणि त्यात बहिणीकडं तळ ठोकून बसलेला हा बावळट. तो दुधाच्या पातेल्यात पाय घालायला निघाला की रत्नाबाई भाकरी टाकून ओरडायची, "आवं मेव्हणं, खाली बघा की! आन् हात धुवा म्हणावं, ताट वाढलंय." तात्याही पडद्यालाच उत्तर द्यायचे, "आलो, आलो. मेव्हण्या, कालची आमटी झकास झाली हुती, सांग तिला." कोण कुणाशी बोलतंय, हे त्या मेव्हण्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

मग केबल आली. चॅनेलं वाढली आणि तसल्या हसायच्या मालिका एकेक करून गेल्या. मेव्हणाही गेला तो गेलाच. त्याच्या जागी या आल्या, घरातसुद्धा शालू नेसून एकमेकींचे नवरे पळवणाऱ्या. यांच्या हाती कसला निरोप धाडायचा, कप्पाळ!

"रत्ना, अगं ए!" शेजारची कमळी दारात येऊन उभी राहिली. "आमच्या देवूची चड्डी बगितलीस का गं? लाल पट्ट्यांची. मगाशी दोरीवर होती, आता नाय."

"मी न्हाई बाई. वारा फिरला तवा मी पिठात हुते."

वारा फिरला की कंपन्यांचा वास चाळीकडं येतो. एकदा का तो कपड्यांत शिरला की दोन धुण्यांत निघत नाही. म्हणून वारा फिरायचा अवकाश, सगळी चाळ दोरीवर तुटून पडते. आज रत्नाबाईच्या घरचे कपडे तात्यांनीच ओढले होते. अंधारून आलेलं, चष्मा आत. त्यातले स्वतःचे म्हणून जे हाताला लागले ते तसेच पिशवीत कोंबले होते.

"नवी हाय गं," कमळी कळवळून म्हणाली. "एकदापण नाय घातलान."

रत्नाबाईची नजर पिशवीकडं गेली. तिच्या मागोमाग तात्यांची गेली. पिशवीच्या तोंडातून लाल पट्टे मजेत बाहेर डोकावत होते.

तात्यांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. सत्तरी गाठलेला माणूस, आणि शेजाऱ्याची चड्डी! बरं, सुनेला सांगायचं तरी कुणाच्या तोंडून?

रत्नाबाई पिठाच्या हातांनी उठली. आधी तिनं टीव्हीचं बटण दाबलं. बया गप्प झाली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून ती त्या काळ्या काचेलाच म्हणाली, "आवं मेव्हणं! गावाला निघालाय ते निघालाय, पर दुसऱ्याची चड्डी घेऊन? लोक काय म्हणतील, बोईसरला जाऊन हेच कमावलं?"

कमळीनं आ वासला. रत्नाबाईनं मात्र काचेवरची नजर काढली नाही.

"आन् जायचंच कशाला, म्हणते मी? ह्या घरात माझ्यासंगं हसायला दुसरं कोण हाय?"

तात्यांच्या आता ध्यानात आलं. म्हणजे ही मान खाली घालत होती ती आपल्याला कंटाळून नव्हे! काहीतरी बोलायला हवं म्हणून ते खाकरायला गेले, आणि हसूच फुटलं. असं फुटलं की टोपी घसरली, डोळ्यांना पाणी आलं, गुडघ्यावर थापा मारून झाल्या तरी थांबेना. रत्नाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला, पण छे, तीही सुटली.

"अगं, टीवी तर बंद हाय," कमळी दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाली. "हसताव कशाला?"

तात्यांनी पिशवीतून चड्डी ओढून तिच्या हातात दिली. "धर बाई. मेव्हण्यानं चोरली हुती." मग उठून त्यांनी बाकीचे कपडे खाटेवर ओतले आणि टोपी खुंटीला अडकवली.

तेवढ्यात जळका वास आला. तात्यांनी सवयीनं टीव्हीकडं बघितलं. काचेत कुणीच नव्हतं, मेव्हणा नाही की बया नाही. ते वळले आणि थेट तिलाच म्हणाले,

"सूनबाई, भाकरी करपतीया."

रत्नाबाई जागची हलली नाही. तिनं मान वर केली.

"करपू द्या, मामंजी."