न झोंबणारं औषध

थेंब डोळ्यात पडला आणि येसूबाईने दात आवळले. आता आग होणार, नाक गळणार, पदर ओला होणार. पण कसलं काय! नुसतं गार पाणी पडल्यासारखं वाटलं.

"झोंबत नाय गो हे," ती सुनेला म्हणाली.

"मग बरंच की, आई!" दर्शनाने दुसऱ्या डोळ्यात थेंब सोडला. "त्यासाठीच तर डॉक्टरांनी बदलून दिलंय. काचबिंदूचं औषध तेच आहे. फक्त त्यातलं झोंबणारं काढलंय."

येसूबाईला ते पटेना. झोंबणारं काढलं तर औषधात उरलं काय? दोन वर्षं ती जळजळ तिने मुकाट सोसली होती. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, एवढं तिला कळत होतं. आणि काल डॉक्टर किती गोड बोलले! खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता त्रास नाही होणार, आजी." एरवी हा माणूस मान वर करून बोलत नाही.

असं गोड बोलणं तिने एकदा ऐकलं होतं. नवरा काशीराम आजारी होता तेव्हा. वर्षभर त्याला मीठ बंद, मासळी बंद, लोणचं बंद. मग एक दिवस त्याचे डॉक्टर हसून म्हणाले, "आता हवं ते खाऊ द्या त्यांना." मिरजोळ्यातल्या त्यांच्या वाडीत याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. पथ्य उठलं म्हणजे आशा सुटली. काशीरामने सुरमईचे दोन घास खाल्ले आणि आठवड्याभरात गेला.

आता पाळी तिच्या डोळ्यांची होती.

मरणाची तिला एवढी भीती नव्हती. मेलं की सुटलं. पण आंधळं झालं की न्हाणीपर्यंत जायलाही कुणाचा हात धरायचा, ताटात काय वाढलंय तेही विचारायचं. नको रे बाबा! दर्शनाने जुनी बाटली केरात टाकली होती. ती येसूबाईने हळूच उचलली आणि भांड्यांमागे लपवली. सून कामावर गेली की नव्या थेंबांवर जुने थेंबही घालायची. कधी दोन, कधी चार. आग आग व्हायची आणि तिचा जीव जरा थाऱ्यावर यायचा.

डोळे लालबुंद झाले. मग धुरकट दिसायला लागलं. कोळंबी सोलताना पाठीतला काळा दोरा दिसेना. वंदनेला उभी राहिली तर समोरची बुद्धाची तसबीर पुसट. बाईची पाचावर धारण बसली. घरात कुणी नसलं की ती डोळे मिटून पडवीतून न्हाणीपर्यंत चालून बघायला लागली. सवय नको करायला? एकदा उंबऱ्यावर आपटली आणि गुडघा फुटला.

दर्शनाने गुडघा पाहिला, डोळे पाहिले आणि रिक्षा बोलावून तिला तडक रत्नागिरीला आणलं.

डॉक्टर यंत्रातून बघत बसले. दर्शना बाहेर होती. येसूबाईला राहवेना.

"खरं काय ते सांगून टाका, डाक्टर. कधी जाणार माझे डोळे? आशा सोडलीत म्हणूनच पाणी दिलंत ना? मी आपलं जुनं पण घालते. चोरून."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"जुनं पण घालता? अहो, काय म्हणावं तुम्हाला! औषध टिकावं म्हणून त्यात जे घालतात ना, त्याने तुमच्या बुबुळावरचा पापुद्रा सोलवटत होता. म्हणून बदललं! आतला दाब उत्तम आहे आणि तुम्ही वरून डोळा जाळून घेताय? धुरकट दिसेल नाहीतर काय! भरून येईल ते. पण ती बाटली आज फेकायची. डोळे चोळायचे नाहीत. चुलीपुढे बसायचं नाही. आणि नवे थेंब जन्मभर घालायचे! एक दिवस चुकवलात तर माझ्याशी गाठ आहे!"

आवाज बाहेरपर्यंत गेला. दर्शना दार लोटून आत धावली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं, आई? काय म्हणाले?"

येसूबाईच्या लाल डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"ओरडले गो मला! जन्मभर घालायचेत म्हणाले थेंब!"