पहिला अंक

नारळ फोडून जयवंतरावांनी नव्या नाटकाची पात्रं जाहीर करायला घेतली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवरचं नाटक, त्यामुळे मुलुंडचा हॉल गच्च भरला होता. मोर्चात गोळी लागून मरणाऱ्या वसंताचं काम बँकेतल्या श्यामसुंदरला मिळालं. सगळ्यांनी उठून त्याचं अभिनंदन केलं.

"आणि आईचं काम..."

जयवंतराव थांबले. शेवटच्या रांगेत सुगंधाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा जानेवारीत तशाच मोर्चात गोळी लागून गेला होता.

"ते मला द्या."

"बाई, तिसऱ्या अंकात त्याचं प्रेत दारात आणतात. कसं सोसाल?"

"आणि पहिल्या अंकात?"

"पहिल्यात काय, तो कामावरून येतो, जेवायला मागतो, आमटी खारट झाली म्हणून भांडतो. पण आपली सगळी हौशी माणसं. तो एक अंकच महिनाभर रोज घोटावा लागेल."

"रोज?"

"रोज."

सुगंधाबाई श्यामसुंदरजवळ गेल्या. त्याच्या शर्टाची वळलेली कॉलर त्यांनी सरळ केली.

"तालमीला उशीर करू नको हां," त्या म्हणाल्या. "मी जेवायची थांबेन."