एर्गाशची रोटी

विद्यापीठातलं शनिवारचं व्याख्यान सगळ्यांना खुलं आणि फुकट, त्यामुळे समरकंदच्या बाजारातली माणसंही भाजीच्या पिशव्या घेऊन येऊन बसतात. त्या दिवशी मी दुसऱ्या महायुद्धावर बोलत होतो. शेजारच्या मुअत्तर खालांनी त्यांच्या भावाची, एर्गाशची, रोटी मला दाखवायला दिली होती. देताना बजावलं होतं, "एक कण सांडलास तर तुझ्या घरी मुक्कामाला येईन."

एर्गाश आघाडीवर निघाला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्याने या रोटीचा एक घास दाताने तोडला. उरलेली परत येऊन संपवायची. ऐंशी वर्षं ती खिळ्याला टांगलेली होती, दगडासारखी कडक झालेली.

फोटो दाखवायला मी दिवे घालवले. "एर्गाश परत आला नाही," असं म्हणून दिवे लावले, तर टेबलावरच्या रोटीचा आणखी एक घास तुटलेला होता.

मी पोरांवर ओरडलो. मग मान खाली घालून रोटी पहिल्या रांगेतल्या खालांपुढे धरली. "कुणा टारगटाने..."

खालांनी दोन्ही तुटक्या कडांवरून बोट फिरवलं. दोन्हींवर पुढच्या दातांमधली तीच फट उमटली होती.

मी विचारलं, "खाला, म्हणजे ते परत आले?"

"परत आलेला सगळी संपवतो रे," रोटी रुमालात गुंडाळत त्या म्हणाल्या. "एकच घास घेतलाय. पुन्हा निघालाय तो."