विचारपूस

पासवर्ड चुकला नव्हता. बदलला होता.

म्हातारा खुर्चीत मागे रेलला. छोट्या यंत्रांच्या पोटात जी प्रणाली भरतात, तिच्या सगळ्या फाइल्स बांधून एकच गठ्ठा, म्हणजे 'इमेज', बनवणारं सॉफ्टवेअर त्याने तरुणपणी लिहिलं आणि फुकट वाटलं. पाण्याच्या मीटरपासून आजाऱ्याच्या उशाशी ठेवायच्या मशीनपर्यंत सगळीकडे तेच वापरत, आणि काही बिघडलं की यालाच शिव्या घालत. मदतीला काळं कुत्रं फिरकत नव्हतं.

बायको दवाखान्यात असताना एक अनोळखी मुलगा मदतीला आला. चुका दुरुस्त करून पाठवायचा आणि शेवटी न चुकता लिहायचा, 'काकूंना आज बरं आहे ना?'

"चेहरा तरी पाहिलाय का त्याचा?" मुलीने विचारलं होतं.

"चेहरे दाखवणाऱ्यांनी कधी विचारलं तुझ्या आईचं?" तो तिच्यावर खेकसला, आणि त्याच दिवशी सगळे अधिकार त्या मुलाला देऊन मोकळा झाला. नंतर त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फार थकला होता बिचारा.

आज पाहिलं. आत शिरता येईना, पण केलेले बदल बाहेरूनही वाचता येत होते. इमेजमध्ये परकं काही घुसलं नाही ना, हे तपासणारा भाग मुलाने काढून टाकला होता. कारण दिलं होतं: वेळ वाचतो. आणि आता प्रत्येक इमेजमध्ये एक छोटीशी फाइल गुपचूप भरली जात होती.

त्याने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, 'हे वापरू नका. घात झालाय.'

उत्तर लगेच आलं. मुलाचंच. 'काकूंच्या आजारपणामुळे काका खचलेत. कृपया त्यांना समजून घ्या.'

त्याखाली लोकांनी भराभर बदाम टाकले. कुणीतरी लिहिलं, 'काका, विश्रांती घ्या.'

त्याला हंबरडा फोडावासा वाटला. पण बायको नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती.

"अहो," आतल्या खोलीतून तिची दमलेली हाक आली. श्वासाच्या मशीनची घरघर मध्येच थांबली होती. "मशीन विचारत होतं, नवीन प्रणाली भरू का म्हणून. तुमच्या त्या मुलाचंच काम ना ते? मी हो म्हटलं."